शब्दांच्या वाटेने : समुद्रापार गेलेला गुरू

आषाढाचे चार पाऊस पडून गेले की गुरुपौर्णिमेचे वेध लागतात. त्या दिवशी कुणी दत्ताच्या देवळात जाऊन येतो, कुणी गाण्याच्या उस्तादांपुढे श्रीफळ ठेवतो, कुणी निवृत्त झालेल्या आपल्या जुन्या शिक्षकांच्या घराचा पत्ता शोधीत जातो. ‘गुरू’ हा शब्द त्या एका दिवसात जितका उच्चारला जातो तितका एरवी महिनाभरात उच्चारला जात नसेल. शब्द इतका निकटचा असला म्हणजे त्याच्याकडे निरखून पाहण्याचे राहूनच जाते. म्हणून या महिन्यात आपण याच शब्दाचा माग काढू. आपल्या अंगणात तो कसा वावरतो हे आपण जाणतोच. अंगण सोडून तो समुद्रापार गेला तेव्हा त्याचे काय झाले, हे पाहणे अधिक बोधप्रद आहे. मायप्रांतापासून दूर वस्ती करून राहिलेल्या तुम्हाआम्हांला तर हा प्रश्न थोडा आपलाही वाटावा. घरापासून दूर गेलेला शब्द कशाच्या बळावर जगतो?

प्रथम शब्दाची कुळकथा पाहू. ‘गुरू’ हे मुळात विशेषण आहे आणि त्याचा साधा अर्थ ‘जड’ असा आहे. वृत्तांचे गण पाडताना आपण लघू-गुरू म्हणतो तो गुरू हाच. उच्चारायला ज्याला अधिक भार लागतो ते अक्षर गुरू. ज्याच्या शब्दाला वजन आहे तो माणूसही गुरू. ‘गौरव’ हा शब्दही यातूनच निघाला. एखाद्याचा गौरव करणे म्हणजे त्याचे वजन मान्य करणे. लॅटिन भाषेतील ‘ग्राविस’ आणि ग्रीक भाषेतील ‘बारुस’ हे ‘जड’ या अर्थाचे शब्द आपल्या गुरूचे सख्खे भाऊ होत. त्यांतल्या पहिल्यापासून इंग्रजीत गुरुत्वाकर्षणाची ‘ग्रॅव्हिटी’ आली, दुसऱ्यापासून हवेचा भार मोजणारा ‘बॅरोमीटर’. मात्र येथे एक भेद ध्यानात ठेवावा. हे शब्द संस्कृतातून तिकडे गेलेले नाहीत. एका प्राचीन मूळ भाषेतून ही भावंडे निरनिराळ्या घरी वाढली, इतकेच. ‘गु म्हणजे अंधार आणि रु म्हणजे तो नाहीसा करणारा’ ही जी फोड कीर्तनात ऐकू येते ती अर्थाच्या दृष्टीने मनोहर आहे. व्याकरणाच्या दृष्टीने मात्र शब्दाचा पाया ‘जड’ याच अर्थावर उभा आहे.

आता प्रवासाकडे वळू. बोर्निओ बेटाच्या पूर्व भागात, कुताई येथे, दगडी यूपांवर कोरलेले संस्कृत लेख सापडले आहेत. राजाचे नाव मूलवर्मा, काळ इसवी सन ४०० च्या सुमाराचा. म्हणजे सोळाशे वर्षांपूर्वी संस्कृत भाषा त्या बेटावर जाऊन पोहोचली होती. तिला तेथे कुणा विजयी सेनेने नेलेले नाही. व्यापाऱ्यांच्या गलबतांतून, पुरोहितांच्या आणि भिक्षूंच्या मुखातून ती गेली. पुढे जावा बेटावर अगस्त्य ऋषींची मोठी उपासना रूढ झाली. मलांगजवळच्या दिनोयो येथील इसवी सन ७६० च्या लेखात गजयान राजाने अगस्त्यांची जुनी चंदनी मूर्ती बदलून काळ्या दगडाची नवी मूर्ती बसविल्याचा उल्लेख आहे. प्रंबानन येथील नवव्या शतकातील शिवमंदिरात एका गाभाऱ्यात गणपती आहे, एकात महिषासुरमर्दिनी आहे आणि दक्षिणेच्या गाभाऱ्यात अगस्त्य उभे आहेत. तेथे ते शिवाचेच गुरुरूप मानले जातात. जावातील छायाबाहुल्यांच्या खेळात शंकराला आजही ‘बतारा गुरू’ म्हणजे भट्टारक गुरू असे म्हणतात. सुलावेसी बेटावरील बुगी लोकांच्या ‘ला गालिगो’ या महाकाव्यात तर स्वर्गातून पृथ्वीवर उतरणाऱ्या पहिल्या पुरुषाचे नावच बतारा गुरू आहे.

येथवर कथा आपल्या अपेक्षेप्रमाणे चालते. शब्द देवळात गेला आणि देव झाला. पण पुढे इतिहासाने वळण घेतले. त्या बेटांवर इस्लाम आला आणि बहुसंख्य प्रजेचा धर्म बदलला. जुनी मंदिरे ओस पडली, त्यांवर रान माजले. अशा वेळी देवळातल्या शब्दानेही देवळाबरोबर गडप व्हायला हवे होते. तसे झाले नाही. आज इंडोनेशियात आणि मलेशियात गावोगावच्या शाळेत जो फळ्यावर अक्षरे गिरवून दाखवितो त्याला ‘गुरू’ म्हणतात. हा सन्मानाचा किताब नाही, साध्या व्यवसायाचे नाव आहे. जसा सुतार, जसा दर्जी, तसा गुरू. पुरुष शिक्षक असेल तर मुले ‘पाक गुरू’ म्हणतात, स्त्री असेल तर ‘इबू गुरू’. पाक म्हणजे बाबा, इबू म्हणजे आई. बाईंना गुरू म्हणावे की नाही हा पेच त्या भाषेला पडलाच नाही.

त्या शाळेतील इतर शब्द पाहिले म्हणजे या टिकून राहण्याचे मोल अधिक कळते. शाळेला ते ‘सकोलाह’ म्हणतात; हा पोर्तुगीज ‘एस्कोला’. अल्बुकर्कने १५१० साली गोवा घेतला आणि दुसऱ्याच वर्षी मलाक्का जिंकले, तेव्हा गोव्यातील ‘इस्कोल’ आणि मलायातील ‘सकोलाह’ हे एकाच गलबतावरचे उतारू म्हणायला हरकत नाही. विद्यार्थ्याला ‘मुरीद’ म्हणतात. पिराच्या शिष्याला आपल्याकडे मुरीद म्हणतात तोच हा अरबी शब्द. कागदाला ‘कर्तास’, तोही अरबी. पुस्तकाला ‘बुकू’ आणि वर्गाला ‘कलास’. हे दोन्ही डच राजवटीचे देणे. एका वर्गात चार संस्कृती बसल्या आहेत. इमारत पोर्तुगीज, विद्यार्थी अरबी, पुस्तक डच. पण शिकविणारा मात्र आपला गुरूच राहिला.

आणखी गंमत पाहा. महाविद्यालयात शिकविणाऱ्याला इंडोनेशियात ‘दोसेन’ म्हणतात, आणि हा शब्द डच आहे. २००५ साली तेथे शिक्षकांसंबंधी जो कायदा झाला त्याचे नाव ‘गुरू दान दोसेन’ असे आहे. ‘दान’ म्हणजे ‘आणि’, तेव्हा दानधर्माचा संबंध कुणी लावू नये. परंतु दोसेनची बढती होत होत तो सर्वोच्च पदाला पोहोचला म्हणजे त्याला ‘गुरू बसार’ म्हणतात. बसार म्हणजे मोठा. शेवटी विद्यापीठाच्या प्राध्यापकालाही मान देण्यासाठी गुरूच लागला. मलेशियात हाच ‘गुरू बसार’ प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक होतो. आपल्या खेड्यांतील मुले मुख्याध्यापकाला ‘मोठे गुरुजी’ म्हणत आली, त्याचा हा शब्दशः अनुवाद वाटतो. कुणी कुणाचा अनुवाद केलेला नाही. दोन दूरच्या गावांतील मुलांना एकच गोष्ट तशीच सुचली.

इंडोनेशियाच्या शिक्षकांची संघटना २५ नोव्हेंबर १९४५ रोजी सुराकार्ता येथे स्थापन झाली. स्वातंत्र्याची घोषणा होऊन तेव्हा शंभर-सव्वाशे दिवसच झाले होते. त्या संघटनेच्या नावात ‘गुरू’ आहे आणि तिचा स्थापनादिन १९९४ पासून ‘हारी गुरू’ म्हणजे राष्ट्रीय शिक्षकदिन म्हणून पाळला जातो. जावातील लोकांनी तर या शब्दाची स्वतःची फोड करून घेतली आहे. ‘दिगुगू लान दितिरू’, म्हणजे ज्याचे म्हणणे मानावे आणि ज्याचे वागणे गिरवावे, तो गुरू. आपल्या ‘गु’ आणि ‘रु’च्या फोडीसारखीच ही व्युत्पत्तीच्या कसोटीला उतरणारी नाही. पण परका शब्द एखाद्या समाजाने मनापासून आपला केला की तो त्याची फोडही आपल्याच भाषेतून करू लागतो. शब्द दत्तक गेला तो असा.

मलायातून हाच शब्द फिलिपाइन्समध्ये गेला आणि तेथे ‘गुरो’ झाला. तेथील तागालोग भाषेतही शाळेतील शिक्षक म्हणजे गुरो. कंबोडियात तो ‘क्रू’ झाला, आणि तेथे एक निराळी छटा त्याला चिकटली. मुलांना शिकविणारा तो क्रू आणि झाडपाल्याचे औषध देणारा गावचा वैद्यही क्रू. सुमात्रातील कारो लोकांतही जाणत्या वैदूला गुरू म्हणतात. ज्याच्यापाशी नेमकी विद्या आहे आणि ती अडल्यानडल्याच्या उपयोगी पडते, तो गुरू, हा त्यामागील भाव दिसतो.

थायलंडमध्ये शिक्षकाला ‘ख्रू’ म्हणतात. तेथे १६ जानेवारी हा शिक्षकदिन असतो. परंतु आपल्याला अधिक जवळचा वाटेल तो ‘वाय ख्रू’ नावाचा विधी. वाय म्हणजे हात जोडून केलेला नमस्कार. शाळेचे वर्ष सुरू झाले की हा गुरुवंदनाचा सोहळा होतो आणि तो बहुधा गुरुवारीच करतात, कारण बृहस्पती हा देवांचा गुरू हे त्यांनाही ठाऊक आहे. त्या वाराचे थाई नावही बृहस्पतीवरूनच पडले आहे. मुले उदबत्ती, मेणबत्ती आणि फुले घेऊन शिक्षकांपुढे गुडघे टेकतात. त्या फुलांच्या तबकात परंपरेने चार वस्तू असतात. दूर्वा असतात, कारण दूर्वा तुडविली तरी वाढते आणि पसरते. तशी विद्या वाढावी. वांग्याचे फूल असते, कारण फळ धरताना ते खाली झुकते. शिकणाऱ्याने तसे नम्र व्हावे. इक्झोराची फुले असतात, कारण त्यांच्या थाई नावाचा अर्थ सुई असा होतो. बुद्धी तशी अणकुचीदार व्हावी. आणि लाह्या असतात; आच लागली तरी पातेल्याच्या झाकणाखाली राहूनच फुलणाऱ्या लाहीप्रमाणे मुलांनी शिस्तीत राहून फुलावे. दूर्वा आणि लाह्या आपल्या पूजेतही आहेत. पण वांग्याच्या फुलाकडून नम्रता शिकावी हे आपल्याला सुचले नव्हते. मुष्टियुद्धाच्या रिंगणात उतरणारा थाई मल्लही आधी ‘वाय ख्रू’ करतो. आपल्या आखाड्यात वस्तादाच्या पाया पडून लाल मातीत उतरणाऱ्या पैलवानाला तो पाहताक्षणी ओळखेल.

गुरूच्या मागोमाग त्याचे दोन सहकारीही बाहेर पडले, ‘आचार्य’ आणि ‘उपाध्याय’. थायलंडमध्ये विद्यापीठातील अध्यापकाला ‘आजान’ म्हणतात. उच्चारात ‘र्य’ झडून गेला आहे, पण लिहिताना शेवटचा ‘य’ अजून लिहितात आणि हा उच्चारू नये अशी खूण त्याच्या माथ्यावर करतात. ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, पाली ‘आचरिय’चे ‘साया’ झाले. शिक्षकालाही साया आणि आदराने डॉक्टरलाही साया. बौद्ध भिक्षूंबरोबर आचार्य चीनमध्ये ‘अशेली’ आणि जपानमध्ये ‘अजारी’ झाला. क्योतोजवळच्या हिएई पर्वतावर सात वर्षांत विभागलेली सहस्र दिवसांची खडतर परिक्रमा जो भिक्षू पुरी करतो त्याला ‘दाइ अजारी’, म्हणजे महाआचार्य म्हणतात. उपाध्यायाने मध्य आशियाच्या वाटेने जाताना रूप पार पालटले. चिनी भाषेत तो ‘हशांग’ झाला आणि जपानीत ‘ओशो’. हे संबोधन पुण्यातील आश्रमामुळे अलीकडे आपल्याकडे ऐकू येऊ लागले. जपानी विहारांत ते फार जुने आहे.

घरी राहिलेल्या भावंडांचीही अशीच रूपांतरे झाली. प्राकृतातील ‘उवज्झाय’वरून उत्तरेकडे ‘ओझा’ आणि मिथिलेत ‘झा’ ही आडनावे झाली. आपल्याकडे तेच ‘उपाध्ये’ आणि ‘पाध्ये’. कानडी मुलखात सुताराला आणि सोनाराला ‘आचारी’ म्हणतात, तमिळ-मल्याळम भाषांत ‘आशारी’. हे आचार्यच होत. ज्याच्या हाती कसब आहे आणि जो ते चार पोरांना शिकवितो त्याला समाजाने आचार्य म्हटले. आपल्या ‘मेस्त्री’ची कथाही अशीच. पोर्तुगीज भाषेत ‘मेस्त्र’ म्हणजे शिक्षक, उस्ताद. आपण तो शब्द रंधा आणि थापी धरणाऱ्याला दिला.

या शब्दाच्या नशिबात दोन टोकेही आली. पंजाबात तो इतका उंच गेला की शिखांमध्ये दहा गुरूंनंतर कोणाही मनुष्याला तो लावीत नाहीत. १७०८ साली नांदेड येथे गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला आणि त्यानंतर गुरुपद ग्रंथाकडे गेले. ‘शीख’ हा शब्दच मुळी ‘शिष्य’वरून आला, सारा समाज शिष्य आणि गुरू एक ग्रंथ. दुसरे टोक इंग्रजीत दिसते. प्रवासवर्णनांतून हा शब्द तिकडे तीन-चार शतकांपूर्वीच पोहोचला होता. परंतु १९६८ साली बीटल्स मंडळी हृषीकेशला येऊन राहिली त्या सुमारास तो घरोघरी गेला. आणि मग पाककलेचा गुरू, शेअरबाजाराचा गुरू, वजन कमी करण्याचा गुरू असे पीक आले. ज्या शब्दाचा मूळ अर्थ ‘जड’, तो वजन उतरविण्याच्या जाहिरातीत जाऊन बसावा, हा दैवदुर्विलासच. मागे त्याच्या नावावर शाळा नव्हती, शिष्य नव्हते, रोज सकाळी हजेरी घेण्याचे काम नव्हते. काम नसलेला शब्द हलका होतो.

मराठीत आपण काय केले? गावठी शाळेत ‘पंतोजी’ होते. आखाड्यात फारसी ‘उस्ताद’चा ‘वस्ताद’ झाला. इंग्रजी शाळा आल्या तेव्हा ‘मास्तर’ आले. आणि हे मास्तर व वर सांगितलेले मेस्त्री एकाच लॅटिन आजीची नातवंडे आहेत. नंतर ‘सर’ आले, ‘बाई’ आल्या, ‘टीचर’ आल्या. ‘गुरुजी’ प्राथमिक शाळेपुरते उरले; साने गुरुजींनी त्या दोन अक्षरी शब्दाला लावलेल्या ‘जी’ला आईची माया दिली, तरीही शहरांतून तो मागे पडत गेला. आता गुरू बहुतांशी पौर्णिमेला, गाण्याच्या मैफिलीत आणि देवघरात भेटतो. ‘गुरुकिल्ली’ने कुलूप उघडताना तो आठवत नाही आणि ‘गुरुवारी’ उपास करतानाही त्याच्याकडे लक्ष जात नाही. मास्तर किंवा सर म्हटल्याने कुणाची विद्या उणी झाली असे मी मुळीच म्हणणार नाही. परका शब्द कामाला लावणे हे भाषेच्या प्रकृतीचे लक्षण आहे. ती बेटेही तेच करीत आली.

मला सांगावयाचे आहे ते निराळे. जावात या शब्दाला देवपदही मिळाले होते आणि नोकरीही. देवपद मंदिरांबरोबर ओसरले, बाहुल्यांच्या खेळापुरते राहिले. नोकरी मात्र धर्म बदलला, राजे बदलले, लिपी बदलली तरी सुटली नाही. मुलांना अक्षरओळख करून देण्याचे काम कुणीतरी रोज करीतच होते आणि त्या माणसाला हाक मारावी लागतच होती. त्या हाकेने शब्द जगविला. दूरदेशी गेलेल्याला मानापेक्षा काम अधिक आधार देते.

वाचकहो, हे भाषेलाही लागू पडते. आपल्या घरांतील मुले बहुधा इंग्रजीतून किंवा त्या त्या राज्याच्या भाषेतून शिकतात, आणि ते अपरिहार्य आहे. पण घरातली मराठी आपण कशाला ठेवली आहे, हे एकदा तपासून पाहावे. आरती मराठीत, हळदीकुंकू मराठीत, गणेशोत्सवातील नाटक मराठीत. आणि वाण्याची यादी, मुलाचा ताप, विजेचे बिल, भावाभावांतले भांडण, दहावीनंतर काय करावे याची चर्चा मात्र दुसऱ्याच भाषेत, असे होत असेल तर आपण मराठीला बतारा गुरू करून ठेवले आहे. तिची पूजा होईल, पण तिला हाक कोणी मारणार नाही. तेव्हा तिला देवघरातून उठवून बाजारात पाठवावे. नातवाला पाढे तिच्यात म्हणायला लावावे, हिशोब तिच्यात मांडावा, रागवायचे तर तिच्यातच रागवावे. परके शब्द तिच्यात शिरतील, शिरू द्यावेत. इंडोनेशियाच्या वर्गात शाळा पोर्तुगीज झाली आणि पुस्तक डच झाले, तरी शिकविणाऱ्याचे काही अडले नाही.

येत्या पौर्णिमेस आपल्या जुन्या शिक्षकांना पत्र लिहिणार असाल तर ते मराठीत लिहावे, इतकीच विनंती. पुढील अंकी ‘पाटी’ आणि ‘पुस्तक’ या जोडीकडे वळू.